आखूड केबल

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं. मला कुणाला पटवायचं नाही. पण हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, त्याच्याच गॅरेजमध्ये, एका रविवारी भर दुपारी बारा वाजता.

मामाच्या हाताला गुण होता. भंगारातली जुनी मोपेड आणायचा, खिळा न् खिळा सुटा करायचा आणि अशी पळवायचा की मोठ्या गाड्यावाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. रंग द्यायचा त्याचा जोडीदार. त्याला सगळे पेंटरच म्हणायचे. वीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले.

एकदा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मामाने एका मोपेडला रुंद, खाली झुकलेलं हँडल बसवलं. दिसायला झकास. पण जुनी ॲक्सिलेटरची केबल त्याला आखूड पडली. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की केबल ताणली जायची आणि गाडी आपोआप रेस व्हायची. मामाला हे कळलं होतं. उद्या बदलू म्हणाला.

पेंटरला सांगायचं मात्र राहिलं.

पेंटर चक्कर मारायला निघाला. डाव्या वळणावर गाडी सुटली ती थेट भिंतीवर...

जागीच गेला.

मामाने मोडकी गाडी गॅरेजमध्ये ओढत आणली आणि कुणी बघायच्या आत लांब केबल घातली. आखूड केबलचे तुकडे करून फेकून दिले. पेंटरच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सांगितलं की त्याला वेगाची मस्ती नडली. झालं. सगळ्या जगाने त्या मेलेल्या माणसालाच नावं ठेवली.

वर्षभराने मामाने तीच मोपेड पुन्हा बांधायला काढली. वहिनी नवऱ्याचे ब्रश न्यायला आल्या होत्या. जाता जाता थांबल्या.

"भाऊजी, एकदाच खरं सांगा. ते खरंच मस्ती करत होते?"

मामाने पान्यावरची नजर उचलली नाही. "हो वहिनी."

हँडल हळूच डावीकडे वळलं...

आणि गाडी रेस झाली.

इंजिन टेबलावर उघडं पडलेलं. टाकी कोरडी ठणठणीत. तरी आवाज चढत गेला... चढत गेला... वरचे पत्रे थरथरायला लागले.

मामाने झडप घालून हँडल सरळ केलं. शांत. हात काढला...

पुन्हा डावीकडे.

त्याने केबलकडे पाहिलं. ती आखूड होती. तीच जुनी, त्याने तुकडे केलेली.

वहिनी नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

मामाचं अवसान गळालं. त्याने सगळं ओकून टाकलं. हँडल, केबल, खोटं, आत्ता ऐकू येणारा आवाज, सगळं. ढसाढसा रडला लेकाचा. मामा आहे माझा, पण मला त्याची दया येत नाही.

आवाज थांबला. मामाला वाटलं, सुटलो.

वहिनींनी एकेक ब्रश पिशवीत ठेवला.

"बरं झालं बोललात. आता मी सगळ्यांना सांगेन. पण त्यांचं एवढ्यावर भागायचं नाही, भाऊजी. मी संसार केलाय त्यांच्याशी."

वहिनींनी खरोखर दारोदार जाऊन सांगितलं. गॅरेज बंद पडलं. मामा पायी फिरायला लागला.

पण पायी चालतानाही डावीकडे वळला की मागून रेस ऐकू यायची. मग तो डावीकडे वळायचंच टाळू लागला. शेजारच्या दुकानात जायला अख्ख्या वस्तीला वळसा घालायचा. लोक हसायचे. आधी आवाज लांबून यायचा, मग पाठीशी आला. आता म्हणतो, मानेवर गरम हवा लागते.

त्याच्या घराचा जिना उतरताना डावीकडे वळतो. मंगळवारपासून तो खाली आलेला नाही.

डबा मीच नेऊन देतो. काल देऊन उतरताना, त्या वळणावर, तो आवाज मलाही आला...

मी तर नुसता त्याचा डबा पोचवतो. कुणाचं काहीच वाकडं केलेलं नाही.