रिकाम्या रस्त्यावरचा आकडा

हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. शेवटचं तर माझ्या स्वतःच्या. गावाचं नाव मुद्दाम टाळतोय, कारण तिला ओळखणारे लोकही इथं वाचतात. अंबड-तीर्थपुरी रस्त्यावरचं गाव, एवढंच सांगतो.

आणि रात्र वगैरे नव्हती. ऊन उतरलं होतं, पण सगळं लख्ख दिसत होतं.

माझी भाची कार्तिकी दुसरीत होती. शाळा रस्त्याला लागूनच. प्रेमलाताई रोज बसथांब्यापाशी उभी राहायची. शाळा सुटली की कार्तिकी फाटकातून निघायची ती थेट आईकडे पळत.

मागच्या पावसाळ्यात ती तशीच पळत येत होती. एका पिकअपनं तिला उडवलं. ताईच्या डोळ्यांसमोर.

पिकअप सापडली नाही.

गावानं रस्ता अडवला. मग थांब्याशेजारच्या खांबावर वेग दाखवणारा बोर्ड लागला. समोरून गाडी आली की तिचा वेग आकड्यात दिसतो. तीसच्या आत हिरवा, वर गेला की लाल. गाडी पुढं निघून गेली की बोर्ड काळा. जाणाऱ्याचा आकडा तो दाखवत नाही. फक्त येणाऱ्याचा.

दिवाळीनंतर अंगद भाऊजींचा फोन आला. त्यांना अंकुशनगरला कारखान्यात काम लागलं होतं. खोलीही मिळाली होती. पण ताई गाव सोडायला तयार नव्हती.

"तू ये, शिवा. माझं न्हाई ऐकत ती."

मी गेलो तेव्हा ताई घरी नव्हती. रस्त्यावर आलो तर थांब्यापाशी एकटी उभी. केस नीट विंचरलेले, लुगडं धुतलेलं.

मी तिच्याकडे निघालो, तेवढ्यात पंक्चरच्या दुकानातून बाहेर येऊन इब्राहीमभाईंनी हात धरला.

"थांबा जरा, पाव्हणं. आत्ता बोलू नका तिच्याशी. बोर्डाकडं बघा."

शाळा कधीच सुटली होती. फाटकाला कुलूप. रस्ता दोन्हीकडं रिकामा. कुत्रंसुद्धा नाही.

वारा पडला...

आणि बोर्ड पेटला.

८.

हिरवा आकडा. मी रस्त्याकडं पाहिलं. कुणीच नव्हतं.

९... ११...

मग आवाज आला. पट्... पट्... पट्... लहान चपलांचा. पळणाऱ्या.

ताईनं दोन्ही हात पुढं केले.

३...

०.

चपला थांबल्या. ताई उकिडवी बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "किती घाम आलाय गं."

पदरानं ती हवेत काहीतरी पुसत होती.

इब्राहीमभाईंनी मान फिरवली. "बोर्ड लागल्यापासून रोज हेच हाय. मी आता बघत न्हाई. आतून तुटल्यावानी होतं."

घरी आलो. मी म्हणालो, "ताई, भाऊजी वाट बघून राह्यलेत."

"ती येती रे, शिवा. माझ्यापर्यंत येती. त्या दिवशी तेवढंच राह्यलं होतं तिचं."

"अन् मग जाती कुठं?"

ती म्हणाली, "ते न्हाई दिसत."

सकाळी तिचे डोळे सुजलेले होते.

"मी उभी राहती म्हणून तिला पळावं लागतंय," ती म्हणाली. "रोज त्याच जागेवरून. जिथं तिला..."



त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेलो. आकडा आला. चपला वाजल्या. शून्य झालं. ताई खाली बसली आणि हळू आवाजात बोलली.

"उद्यापासून नको येऊ, बाळा. आई नसंल इथं. तू आता निवांत राहा."

बोर्डावर शून्य तसंच राहिलं. खूप वेळ. मग विझलं.

ताई तिथंच मातीत बसून रडली. कार्तिकीला नेलं त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती भाऊजींबरोबर अंकुशनगरला गेली.

तिचं मागं राहिलेलं सामान आणायला मी संक्रांतीनंतर गेलो. परतताना थांब्यापाशी नकळत गाडी उभी केली. इब्राहीमभाईंचं दुकान बंद होतं. शाळेची पोरं घरी गेली होती.

वारा पडला...

८.



१०... १२... पूर्वीपेक्षा जोरात. चपलांचा आवाज सरळ माझ्याकडं येत होता.

४...

०.

माझ्यापासून जरा लांबच ती थांबली. जवळ आली नाही.

"मामा हाय गं मी," मी म्हणालो. "आई... आई बरी हाय तुझी."

नुसतं हिरवं शून्य.

मग चपला पुन्हा वाजल्या. या वेळी पळत नव्हत्या. एक एक पाऊल... हळूहळू लांब जात...

बोर्ड काळा झाला.

त्या रस्त्यानं मी अजून जातो. पण शाळा सुटायच्या आत गाव ओलांडतो.

ताईचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती आवाज खाली करून विचारते, "शिवा, तिकडून गेल्ता का रे? बंदच असतो ना बोर्ड आता?"

मी हो म्हणतो.