रंगांच्या तळाशी

वर्ध्याची दीपमाला कॉलेजसाठी पुण्यात आली आणि कर्वेनगरात दोन खोल्या घेऊन राहिली. जोडीला अकोल्याची सृष्टी. संगणकाच्या शेवटच्या वर्षाला दीपमालाने प्रोजेक्ट मोठा गमतीचा घेतला होता: रंगीत फोटोत निरोप लपवायचा. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या रंगाचे आकडे. ते कणभर बदलले तर डोळ्याला काही कळत नाही, पण त्या बदलांतून अक्षरं पेरता येतात. तिचा प्रोग्राम ती पेरायचा आणि पुन्हा वेचूनही काढायचा.

त्या रविवारी दुपारी एकच चाचणी उरली होती. ज्या फोटोत काही लपवलेलंच नाही, त्यातून नुसता कचरा निघायला हवा. कॉलेजातून मागून आणलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने तिने समोरचाच फोटो काढला. सृष्टी पंख्याखाली खुर्चीत केस वाळवत बसली होती.

प्रोग्राम चालला. वेडीवाकडी चिन्हं, चौकोन... आणि मधेच इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं स्वच्छ मराठी.

‘तिला उठवा.’

जुन्या चाचणीतलं काही राहिलं असेल? पण असलं वाक्य तिने कधी लिहिलंच नव्हतं. तिने दुसरा फोटो काढला.

‘उठवा उठवा उठवा...’ पार तळापर्यंत.

दीपमाला खुर्चीकडे धावली. “सृष्टी, ऊठ तिथून.”

“काऊन वं? केस वाळू दे ना.”

“ऊठ म्हणते ना!” तिने हात धरून ओढलंच. सृष्टी चिडून दिवाणावर जाऊन बसली. तिचं पुटपुटणं संपायच्या आत छतात कर्रकन आवाज झाला, आणि पंखा हुकासकट खुर्चीवर कोसळला.

आवाजाने घरमालकीण सुशीलाबाई धावत वर आल्या. “पंख्यालासुद्धा भाडेकरू सोसवेनात वाटतं,” त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा आवाज कापत होता.

“काकू... इथे आधी कोण राहायचं?”

“कोणी नाही. बांधकामच नवं आहे. तुम्हीच पहिल्या.”

त्या गेल्यावर दीपमालाने सगळं सांगितलं. सृष्टीने हात जोडले. “कोणी का असेना, मला वाचवलं त्यानं.”

दीपमालालाही हायसं वाटलं. कुणी भलंच असेल. न राहवून तिने मोडक्या खुर्चीचा फोटो काढला आणि संगणकात घातला.

‘मी कधीची म्हणत होते, उठवा. ती माझ्यावर बसली होती. आता खुर्ची मोडली. मी कुठे बसू?’

दीपमालाने हळूच मान वळवली.

सृष्टी दिवाणावर मासिक चाळत होती. डोळे वर न करताच ती थोडी भिंतीकडे सरकली आणि शेजारची उशी उचलून तिने मांडीवर घेतली.

“बस ना,” ती म्हणाली.

दीपमाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.