बाकावरची दुसरी म्हातारी

जरा जवळ सरका, अन् ते मोबाईल खिशात घाला. सुप्याच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर अजिनाथ नावाचा गडी होता. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो. एकदाच बोलला, पुन्हा कधी नाही.

गेल्या पौषातली अमावस्या, रविवार. दुपारच्याला अजिनाथ आईला मोटरसायकलवर बसवून नगरला निघाला. आई बायडाबाई, सत्तरीच्या पुढची. तिला विसर पडायचा. गॅस चालू सोडायची, रात्री उठून रस्त्याला लागायची, अंथरूण ओलं करायची. बायकोला, सुकन्याला, त्यानं सांगितलं, "डॉक्टरकडं नेतो." डॉक्टरकडं न्यायचंच नव्हतं.

नगरात एका नव्या इमारतीच्या गच्चीवर बाग केलीय. तिकीट नाही, विचारपूस नाही, लिफ्टनं कुणीही वर जावं. हिरवळ, बोगनवेलीची दाट झुडपं, बसायला बाकं. लांब डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. पोरंबाळं बागडत होती. म्हातारी हरखली.

"एवढ्या वर पानी कोन घालतं रं झाडास्नी?"

अजिनाथ तिचा हात धरून पुढं चालत राहिला. त्यानं तिला पार कोपऱ्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. तिथं हिरव्या लुगड्यातली दुसरी एक म्हातारी आधीच बसली होती, कठड्याकडं तोंड करून.

दिवस मावळला. वारं गार झालं. माणसं पांगायला लागली.

"आये, पान्याची बाटली घेऊन येतो. हितून हलायचं न्हाई. कुनी उठवलं तरी जायाचं न्हाई. न्हाईतर तू मला घावायची न्हाईस."

"न्हाई हलत. पर वारं लई हाय, कान बांधून जा." तिनं स्वतःच्या डोक्याचा मफलर सोडला अन् त्याच्या कानाला गुंडाळला. लहानपणी गुंडाळायची तसा.

तो वळला. तेवढ्यात ती दुसरी म्हातारी, त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "माझा बी पानीच आनाया गेलाय."

"कवा?"

ती कठड्याकडंच बघत राहिली.

लिफ्टसाठी न थांबता तो जिन्यानं खाली पळाला.

केडगाव मागं पडलं. पुढं अंधार. कामरगावच्या घाटात गाडी जड झाली. मागं माणूस बसल्यावर होते तशी. त्याला वाटलं, टायर बसला.

मग डाव्या खांद्यावर हात पडला.

गार. हलका. म्हाताऱ्या माणसाचा.

"आये...?"

आरसा समोर होता. त्यानं बघितलं नाही. घाट सरला. हात तिथंच. सुप्याचे दिवे दिसले. हात... तिथंच.

दारात गाडी थांबली तशी सुकन्या बाहेर आली. आत ताटं वाढलेली होती, सासूचंसुद्धा.

"आत्या कुठंयत? अन् ह्या कोन आनल्या? हिरव्या लुगड्यातल्या?"

अजिनाथ उडी टाकून बाजूला झाला. गाडीची मागची सीट... रिकामी.

सुकन्या मात्र सीटकडंच बघत होती. तिचा आवाज बारीक झाला. "अवो... उतरत का न्हाईत त्या?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. सुकन्यानं कपाळाला हात लावला. "आत्ताच्या आत्ता जावा! गारठ्यानं मरतील त्या."

त्यानं गाडीकडं बघितलं. गाडी वळवायची, म्हणजे पुन्हा तिच्यावर बसायचं. मागं...

"सकाळी जातो."

सुकन्यानं पोलिसांना फोन लावायला घेतला. त्यानं मोबाईल हिसकावला, तिला घरात ओढून आतून कडी घातली अन् दाराला पाठ लावून बसला. ती रडली, दार बडवलं, पाया पडली. त्यानं उघडलं नाही.

उजाडल्यावर तो एसटीनं गेला.

बाकावर कुणी नव्हतं. माळ्यानं हाक मारली. बायडाबाई बोगनवेलीच्या मागं घावली. गुडघे पोटाशी, पदर तोंडावर. आखडलेली. कुणी उठवू नये म्हणून लपून बसली होती.

वॉचमन रडकुंडीला आला. "बंद करताना दोनदा हाका मारल्या हो. ओ दिली न्हाई त्यांनी."

"अन् ती दुसरी?" अजिनाथनं विचारलं.

"दुसरी कोन?"

गावात त्यानं सांगितलं, गर्दीत चुकामूक झाली. तेरावं झालं अन् सुकन्या माहेरी निघून गेली, परत आली नाही. गाडीला त्यानं पुन्हा किल्ली लावली नाही. ती अंगणात उघड्यावर उभी असते. फुकट देतो म्हटलं तरी कुणी नेत नाही.

माघातल्या एका पहाटे कामावर जाताना मी मुद्दाम तिकडून गेलो. रात्री दव पडलं होतं. टाकी ओली, हँडल ओलं, पुढची सीट निथळत होती.

मागची सीट कोरडी. एका माणसाच्या बसण्याएवढी.

मी हात लावून बघितला...

कोमट होती.