डेमोदराला उतरलेली दोन माणसं

एलिएझर पेणकर पनवेलच्या इस्राएल आळीत शिरला तो मिरियमला बघायला, आणि सरबत प्याला दिनाच्या ओटीवर.

चूक म्हणावी तर अगदी साधी. दोन्ही घरांची कौलं सारखी, दोन्ही अंगणांत जास्वंद, आणि मिरियम ही दिनाची चुलत बहीण, म्हणजे आडनावही तेच! दिनाच्या वडिलांना वाटलं, मास्तरीण लेकीकडे शाळेच्या कामाने कुणी आलंय. त्यांनी "बसा" म्हटलं, हा बसला. तिकडे पलीकडच्या घरात त्याची आत्या घामाघूम होऊन "येईलच हां आता, गाडीच लेट असेल" असं मिरियमच्या आईला चौथ्यांदा सांगत होती, आणि इकडे भाचा कोकमाच्या सरबताचा तिसरा पेला संपवत होता.

"आणखी देऊ?" दिनाने विचारलं.

"चालेल."

"गोड फार झालंय का?"

"चालेल की."

"तुम्हाला न चालणारं असं काही आहे का हो जगात?"

त्यावर तो नुसता हसला. पण हसला असा, की दिनाने न विचारताच पेला पुन्हा शिगोशीग भरला. संध्याकाळी त्याने आत्याला सांगितलं, "मुलगी पसंत आहे." आत्या म्हणाली, "मेल्या, तू आलासच कुठे मुलगी बघायला?"

मग जे व्हायचं ते झालं. चार दिवस आळीत हसाहशी, दोन दिवस रुसवेफुगवे आणि सहा महिन्यांनी दिनाचं लग्न. मिरियमला काही वाईट वाटलं नव्हतं, तिला मुंबईचा स्टेनोग्राफर हवा होता नि तो मिळालाही. पण मेंदीच्या दिवशी ती दिनाच्या कानाशी लागून म्हणालीच, "माझ्यासाठी आलेला नवरा पळवलास हो! त्याला बिचाऱ्याला भिडेपोटी नाही म्हणता आलं नसेल."

थट्टाच ती. पण दिनाच्या मनात ती काट्यासारखी रुतून बसली. आठ वर्षं शाळेत पोरांना दरडावणारी ही मुलगी, कुणाला भिणारी नव्हती. मात्र नवऱ्याला एवढं विचारायचं तिचं धाडस होईना... मला पसंत केलंत, की नुसतं चाललं म्हणून केलंत?

सगळ्यांनी माथेरान सुचवलं. एलिएझर म्हणाला, सिलोन. तो दिवा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होता. "रोज लोकांना तिकिटं देतो," तो म्हणाला, "एकदा आपणही जाऊ या, अगदी लांब. रामेश्वरपर्यंत रेल्वेचा पास आहे, पुढे बोट." ना कुठली सहल कंपनी, ना वाटाड्या. दोन पिशव्या, एक नकाशा आणि शनिवार पाळायचा, एवढंच ठरलं. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ सुरू झाला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत प्रवास नाही, काम नाही. हे दोघांच्याही ज्यू घरांत आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं.

आणि काय सांगू, फिरले ते! वाऱ्यामुळे रामेश्वराला बोट अडकली तर धक्क्यावर वाळूत बसून शेंगा खाल्ल्या. पलीकडे सिलोनच्या किनाऱ्याला, तलाईमन्नारला उतरल्यावर जी बस आधी दिसली तिच्यात बसले. एका खानावळीत दिनाने नारळाच्या रसातली माशाची आमटी भुरकली आणि "अहो, ही तर आपलीच!" म्हणून स्वयंपाकघरात जाऊन खुणांनी कृती विचारून आली. पुढे कँडीच्या तळ्याकाठी पावसाची सर आली, छत्री एकच. दिना छत्रीबाहेर राहायची, तो छत्री तिच्याकडे सरकवत राहायचा, शेवटी दोघंही भिजले.

"जवळ आलीस तर चालेल," तो म्हणाला.

"नुसतं चालेलच ना?" तिने विचारलं. तो गोंधळला. दिनाने विषय बदलला.

एवढ्या भटकंतीत वारांचा हिशेब कोण ठेवणार? डोंगरातल्या नानुओया गावी ते पोचले तेव्हा विश्रामगृहाचा म्हातारा म्हणाला, "सामान आजउद्या घेऊन ठेवा. परवा सुट्टी, बाजार बंद."

"परवा रविवार, म्हणजे आज शुक्रवारच की!" दिना म्हणाली. "बरं झालं, नाहीतर शब्बाथ चुकलाच असता."

एलिएझरने तोंड उघडलं. मग मिटलं.

दिनाने काचेच्या पेल्यात पाणी घातलं, वर खोबरेल, वात तरंगती सोडली. घर शेकडो कोस दूर, बाहेर धुकं. डोक्यावर पदर घेऊन तिने डोळे मिटले आणि प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तर तो दिव्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होता. दुसरा दिवस त्यांनी खोलीच्या व्हरांड्यात बसून, थंड जेवण जेवून, चहाचे मळे बघत काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या बदुल्ला गावाची गाडी पकडली.

गाडीत पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतली माणसं, हातांत कमळं. समोर एक शाळामास्तर बायकोसह बसले होते. दिनाने इंग्रजीत विचारलं, "रविवारी सगळेच देवळात जाता वाटतं?"

"रविवार?" मास्तर हसले. "आज शनिवार आहे, बाई. आमच्याकडे आता सुट्टी रविवारची नसते. चंद्राच्या तिथीची असते. ह्या आठवड्यात शनिवारी आली, पुढच्यात आणखी कधी."

दिनाने बोटांवर मोजलं, दिवा लावला तो गुरुवार होता. शनिवार! आणि आपण खुशाल गाडीत बसलोय. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"दिवसभर तिकिटांवर तारखा मारणारा माणूस तुम्ही! तुम्हाला माहीत होतं!"

"...होतं."

पुढचं स्टेशन आलं, डेमोदरा. दिनाने पिशवी उचलली नि उतरली. तारे दिसेपर्यंत आता गाडीत पाऊल ठेवणार नव्हती ती. मागोमाग दुसरी पिशवी घेऊन तो उतरला. छोटंसं स्टेशन, फुलांच्या कुंड्या, चहूकडे डोंगर. गाडी निघून गेली. डोंगराला वळसा घालून ती थोड्या वेळाने चक्क खालच्या बोगद्यातून, त्यांच्या स्टेशनच्याच पायाखालून, धाडधाड गेली. एरवी एलिएझर हे बघायला लहान मुलासारखा धावला असता. आज तो बाकाच्या टोकाला बसून राहिला. दुसऱ्या टोकाला दिना.

"का नाही बोललात?" तिने विचारलं.

"तू दिवा लावलास... इतक्या मनापासून. कसं सांगणार, की वार चुकला म्हणून? मला वाटलं, देवाला चालेल."

"चालेल! पुन्हा चालेल!" दिनाचा आवाज चढला. "तुम्ही असेच. समोरचं चुकतंय दिसलं तरी भिडेपोटी गप्प बसणारे. त्या दिवशीही तसेच बसलात ना आमच्या ओटीवर? घर चुकलंय कळलं तरी उठवेना. सरबत चाललं, मुलगी चालली... खरं सांगा मला. आज खरं सांगा."

डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. वर्गातल्यासारखी ताठ बसून राहिली.

एलिएझर उठला नि तिच्या शेजारी येऊन बसला.

"घर चुकलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नाक्यावर टांगेवाल्याने नीट सांगितलं होतं, पलीकडचं दार. मी चाललोही होतो. तू ओटीवर वह्या तपासत बसली होतीस. एका वहीवर भलामोठा भोपळा दिलास. मग इकडेतिकडे बघितलंस, कुणी नाही ना म्हणून... आणि त्या भोपळ्याच्या आधी हळूच एकचा आकडा ओढलास. शून्याचे दहा केलेस."

दिना दचकली. "ते... तो आळीतल्या दादूचा मुलगा होता. घरी मार खाल्ला असता त्याने."

"मी फाटकाबाहेर उभा राहून बघितलं. आणि ठरवलं, मी ह्याच घरात जाणार. तिकडे आत्या वाट बघते, लोक नावं ठेवतील, सगळं ठाऊक होतं. दिना, मला नाही म्हणता येत नाही हे खरं. पण हो म्हणायला मी कधी चुकत नाही."

"मग सहा महिन्यांत एकदा तरी सांगायचं!"

"भीड वाटली."

दिनाला हसू फुटलं. डोळे तसेच ओले, आणि हसू आवरेना. "अहो, बायकोची कसली आलीय भीड?"

"तुझीच तर सगळ्यात जास्त. मला तू फार आवडतेस ना, म्हणून." एवढं बोलला नि त्याचे कान पुन्हा लाल झाले. ह्या खेपेला तिने ते हाताने झाकले.

ऊन उतरत गेलं. स्टेशनमास्तरांनी दोनदा येऊन पुढच्या गाडीचं विचारलं, दोनदा ह्यांनी मान हलवून नको म्हटलं. पनवेलला कोणती खोली घ्यायची, दिवा स्टेशनवरून तिकडे बदली कशी मागायची, आत्याला कधी खरं सांगायचं (कधीच नाही, असं ठरलं), सगळं बोलून झालं. सहा महिने न बोललेलं बोलायला दुपार पुरेना. देवाकडे चुकल्याची माफी दोघांनी मिळून मागितली. डोंगरांवर निळसर अंधार साचू लागला आणि दुरून बदुल्लाच्या शेवटच्या गाडीची शिटी ऐकू आली.

"दोन तारे दिसले," एलिएझर मान वर करून म्हणाला. "तिसरा दिसला की शब्बाथ संपला. पकडू ही गाडी. तुला दिसतोय का कुठे?"

त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेल्या दिनाला तो झाडाच्या शेंड्यावर कधीचाच दिसत होता, चांगला ठळक.

"नाही बाई," ती म्हणाली.