जितकी तोंडं, तितके हात

ती दुकानात शिरली तेव्हा तिच्या चष्म्याला एकच दांडी होती. दुसऱ्या दांडीच्या जागी तिनं कांद्याची पात बांधली होती, आणि ती पात म्हणे त्या दांडीपेक्षा टिकाऊ निघाली. चष्मेवाला आजही शपथेवर सांगतो, आपण कशाला वाद घालायचा?

"दांडी कुठे गेली?" त्यानं विचारलं.

"मुळ्याच्या वाफ्यात. उगवली तर कळवीन."

त्यानं नवी दांडी बसवली, चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. चष्मा बसवताना गिऱ्हाइकाच्या नाकाकडे बघायचं, डोळ्यांकडे नाही, हे बापानं त्याला लहानपणीच शिकवलं होतं. त्या दिवशी तो नाक विसरला.

"सैल वाटतोय का?"

"चष्मा ठीक आहे. तुमचा हात मात्र... अजून दांडीवरच आहे."

बोलता बोलता कळलं, नदीकाठी तिचं शेत आहे आणि ती भाजीची टोपली चालवते. मोसमाच्या सुरुवातीला सभासद व्हायचं, मग दर शनिवारी शेत देईल ते मुकाट्यानं घ्यायचं. पिकलं तर सगळ्यांचं, बुडालं तर तेही सगळ्यांचं. आणि एकच नियम – जितकी तोंडं, तितके हात. टोपलीतलं जो खाईल, त्यानं मोसमात एक दिवस शेतावर राबायला यायचं.

"मला व्हायचंय सभासद," तो म्हणाला.

"घरी माणसं किती? एकट्यादुकट्याला मी टोपली देत नाही. निम्मी सडते, माझ्या जिवाला लागतं."

घरी तो होता आणि भिंगं पुसायची फडकी होती.

"आठ," तो म्हणाला.

"आठ?"

"आजी, दोन आत्या, काका... भरलं घर आहे आमचं."

पहिल्या शनिवारी तो टोपली घेऊन परतला, तर त्यातल्या भोपळ्यासकट तो लिफ्टमध्ये शिरताच लिफ्ट वर जायची ती तळघरात गेली. शेवटी त्यानं शेजारच्या काकूंचं दार वाजवलं. "काकू, जरा भाजी घेता का? फुकट आहे."

"फुकट? कुणाशी भांडलास की कुणाच्या प्रेमात पडलास?"

महिन्याभरात मजल्यामजल्यावर तिच्या शेतातलं शिजायला लागलं. चौथ्या मजल्यावरच्या क्लॅरिनेटवाल्याच्या छातीत तर तिच्या गाजरांनी असा काही दम भरला, की त्याचा एक सूर सकाळी सुरू व्हायचा आणि जेवायच्या वेळी संपायचा.

इकडे दर शनिवारी ती टोपली भरता भरता विचारायची, "आजींचे गुडघे कसे आहेत?"

"बरे झाले. कोबीनं."

"कोबीनं?"

"तुमच्या... कोबीनं."

ती पाठ फिरवायची आणि निवडून झालेले टोमॅटो पुन्हा निवडायची.

"आणि धाकट्या आत्यांचं लग्न?"

"मोडलं. मुलाला भेंडी चालत नव्हती."

"बरंच झालं मग. असला जावई काय कामाचा."

ऐन बटाटे काढायच्या वेळी नदीच्या वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला. धरणाची दारं संध्याकाळी उघडणार, असा निरोप सकाळी आला. सगळा मोसम अजून मातीखाली होता. तिच्या बाबांनी आधीच बजावलं होतं, "एक मोसम बघतो. नाही जमलं तर जमीन मागतोय त्या गोदामवाल्याला देतो, वाद नको." तिनं सभासदांना फोन लावले. कुणाला पाहुणे, कुणाची कंबर, कुणाचा फोनच बंद. शेवटी तिनं चष्मेवाल्याला लावला.

"नियम आठवतोय ना? याल?" तिचा आवाज एरवीसारखा नव्हता. "आज हे बुडालं तर... शेत संपलं माझं."

तो दुकान तसंच उघडं टाकून धावला आणि थेट काकूंपुढे उभा राहिला.

"काकू, मी एक थाप मारलीय. आता शेतावर आठ माणसं न्यायचीत."

"एवढंच ना? चपला घालू दे."

काकूंनी जिन्यात उभं राहून हाक दिली – ज्यानं ज्यानं फुकटचा भोपळा खाल्ला, त्यानं खाली यावं. अख्खी इमारत रिकामी झाली. लिफ्टला पाय असते तर तीही आली असती.

शेताच्या बांधावर गोदामवाला मोजपट्टी घेऊन आधीच हजर होता. काकूंनी त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि कुदळ दिली. "उभे काय राहिलात? वाका." तो वाकला. काकूंपुढे कोण वाकत नाही? बाबा पोत्यांची तोंडं बांधत होते. क्लॅरिनेटवाला वाजवत होता, त्या तालावर कुदळी पडत होत्या, आणि शेवटी शेवटी बटाटेच मातीतून मान वर काढून पोत्यांचा पत्ता विचारायला लागले.

शेवटचं पोतं वरच्या रस्त्यावर चढलं आणि पाणी पहिल्या सरीत शिरलं. रिकाम्या सरीत.

बाबा गोदामवाल्याकडे वळले. "जमीन काही मिळायची नाही. पण तुमचं जुनं गोदाम रिकामंच आहे ना? बटाटे ठेवायला द्या."

गोदामवाल्यानं चिखलाचे हात विजारीला पुसले. "द्यावंच लागेल. निम्मे मीच काढलेत."

ती आणि चष्मेवाला, दोघंच मागे बांधावर उरली होती.

"यातल्या आजी कोणत्या?" तिनं विचारलं.

"आजी... नाहीत. आत्या नाहीत, काकाही नाहीत. मी एकटाच राहतो."

"ते मला पहिल्याच शनिवारी कळलं. भरल्या घरातला माणूस भोपळा बघून असा रडकुंडीला येत नाही."

"मग टोपली बंद का नाही केलीत?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "केली असती तर तुम्ही शनिवारी कशाला आला असतात?" मग जरा हळू – "आज मला वाटलं होतं, तुम्ही एकटेच याल. मला तेवढंही पुरलं असतं."

बोलबच्चन माणूस, पण खरं बोलायची सवय नव्हती ना.

"तुम्ही मला फार... म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"तू म्हण."

वर रस्त्यावर ट्रॉली भरली होती. बटाट्यांच्या ढिगावर बसलेल्या काकू त्याच्या नावानं हाका मारत होत्या. त्यानं हात हलवून सांगितलं, तुम्ही निघा. काकूंनी ड्रायव्हरच्या पाठीत एक धपाटा घातला, "चल रे बाबा, आपलं इथलं काम झालं," आणि ट्रॉली हलली.

"उद्या पाणी ओसरेल," ती म्हणाली. "मग गाळ काढायचा, बांध घालायचा, नवं बी टाकायचं... खूप काम आहे. कंटाळशील तू."

त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

"सुरुवात कुठल्या टोकापासून करायची, तेवढं सांग."