खांबाला न बांधलेला दोरा

मोरेश्वरच्या पिशवीत छाती तपासायची एक नळी, एक मोजपट्टी, एक थर्मामीटर, तीन काचनळ्या आणि स्पिरिटचा दिवा होता. एवढ्यावर निरवांगीच्या सावळारामाची प्रकृती कागदावर उतरायची होती. विमा कंपनीसाठी तपासण्या करणारे बारामतीचे डॉक्टर गुडघेदुखीनं आडवे होते; म्हणून त्यांचा नवा बी.एस्सी. मदतनीस मोटारीनं आला होता.

सावळारामाचा भाऊ गेल्या साली तापानं गेला. त्याच्या दोन मुली आता ह्याच्याच घरात होत्या.

"माझंबी तसंच झालं तर ह्यांनी कुणाकडं बगायचं? म्हणून धा वर्साचा इमा," सावळाराम म्हणाला.

नाडी उत्तम, लघवी स्वच्छ. मोरेश्वरनं मोजपट्टी काढली तशी म्हातारी सरुबाई मधे आली.

"थांबा. आदी दोरा."

तिनं कच्च्या सुतानं लेकाला टाळूपासून टाचेपर्यंत मापलं, दोन्ही टोकांना हळद लावून तो ताटलीत ठेवला.

"जित्या माणसाचं माप मोकळं सोडू न्हाय. ह्यो दोरा मधल्या खांबाला बांधला, की माप लाकडावर बसतं."

मग पट्टी लागली. पाच फूट सात.

"अन् सायेब, तुमची उंची?" सावळारामानं विचारलं.

"पाच सहा."

"मंग इमा तुमीच काढा की! मी इंचभर वरचढ हाय!"

सगळे हसले. सरुबाई चहा टाकायला आत गेली. सुतानं घेतलेल्या मापात चूक किती येते, हे मोरेश्वरला ताडून पाहायचं होतं. तिच्या सुताच्या रिळाचा तेवढाच तुकडा तोडून, हळद लावून त्यानं ताटलीत ठेवला आणि मूळ दोरा खिशात घातला. म्हातारीनं तो दुसराच दोरा खांबाला बांधला.

बारामतीत दोरा पाच फूट सात भरला. चूक शून्य. दुसऱ्या दिवशी सहज मोजला, तर पाच सहा.

सूत दमटपणानं आखडतं. त्यानं तो दिव्याच्या उबेवर सुकवला, भिजवला, वजन लावून टांगला. पाच पाच. दोन्ही टोकांची हळद जशीच्या तशी होती.

पाच चार भरला, तेव्हा त्यानं मोटार गाठली.

सावळाराम दारातच उभा होता. धोतर धुळीत लोळत होतं. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती.

"बरं नाही का?"

"ठणठणीत हाय की. निस्ती कापडं मोठी झाल्यात."

नाडी बहात्तर. उंची पाच चार. पोरी कणगीमागं दडून चुलत्याकडं बघत होत्या. हाक मारली तरी येईनात.

मोरेश्वरनं दोरा सरुबाईच्या तळहातावर ठेवला. तिनं हळद पाहिली, मग त्याच्याकडं पाहिलं.

"आता बांधा ना खांबाला." तो म्हणाला.

"आता लाकूड घेत न्हाय, बाबा. ज्येच्यापाशी ऱ्हायला, त्येच्यावरच बसतो."

तिनं जबरदस्ती केली नाही. दोरा नुसता पुढं धरला.

कणगीमागं धाकटी मुसमुसली.

मोरेश्वरनं मनगट पुढं केलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सावळारामाला दवाखान्यात बोलावून स्वतः तपासलं. पाच फूट सात. विमा मंजूर झाला.

त्या संध्याकाळी वरच्या फळीवरच्या बाटलीला मोरेश्वरचा हात पुरेना. तो भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभा राहिला. पाच तीन.

मनगटावरचा दोरा त्यानं कात्रीनं कापला आणि दिव्यावर जाळला.

सकाळी वहाणा काढून, टाचा भिंतीला टेकवून त्यानं पुन्हा मोजलं.

पाच फूट अडीच इंच.