सातव्या खिडकीतला माणूस

माझं काम लोकांच्या शिव्या वाचण्याचं आहे. कौतुकही वाचते, पण ते थोडं असतं आणि लवकर संपतं. आमची कंपनी म्हणजे एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. एकजण चित्रं काढते, ती बहुतेक घरूनच. दुसरा प्रोग्राम लिहितो. तोच मालक, आणि दिवसाला वीसेक शब्दांपलीकडे बोलत नाही म्हणून आम्ही त्याला मौनी म्हणतो. तिसरी मी. त्याच्या वाटणीचं सगळं बोलणं माझ्याकडे आहे.

चार वर्षं खपून आम्ही एक व्हिडिओ गेम केला. नाव ‘पाळत’. सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एका मारेकऱ्याची गोष्ट, पण त्यात धावपळ नाही की पाठलाग नाही. खेळणारा एका रिकाम्या खोलीत बसतो आणि दुर्बिणीतून रस्त्यापलीकडची एक खिडकी बघत राहतो. खिडकीतला माणूस शर्टाला इस्त्री करतो, फोनवर भांडतो, चष्मा शोधतो. दोन-तीन तास बघून त्याची दिनचर्या पाठ झाली की बंदूक हातात येते. अशा सहा खिडक्या आणि सहा माणसं. संगीत नाहीच. पंख्याची घरघर आणि दुपारचा मळकट उजेड, बस्स.

खेळून झालं की लोक अभिप्राय लिहितात आणि ते मी वाचते. ‘पाऊण तास एका माणसाला बटाटे सोलताना पाहिलं. नंतर त्याला मारायचं जिवावर आलं. दहापैकी नऊ.’ ‘हा गेम नाही, दवाखान्यातलं बाकडं आहे.’ ‘या मारेकऱ्यापेक्षा माझी आई चांगली पाळत ठेवते.’ एकाने नुसतंच लिहिलं होतं, ‘झोप छान लागली.’ मी हे सगळं एका तक्त्यात टाकते. रकाने चार : कौतुक, तक्रार, बिघाड आणि वेडेपणा. शेवटचा रकाना माझा स्वतःचा, मौनीला त्याची कल्पना नाही.

मौनीचा नियम एकच, प्रत्येकाला चोवीस तासांच्या आत उत्तर गेलं पाहिजे. म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली आहेत. बिघाडाचं असं : ‘बिघाड कळवल्याबद्दल आभार. आम्ही नोंद घेतली आहे. पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त झालेला असेल.’ सोमवारी अभिप्रायांचा ढीग येतो. त्या दिवशी मी पहिली ओळ वाचते, रकाना ठरवते आणि उत्तर चिकटवून पुढे जाते. याला कामचुकारपणा म्हणा हवं तर. शंभर अभिप्राय शब्दन् शब्द वाचून दाखवा आणि मग म्हणा.

गेम बाजारात येऊन दहा दिवस झाले होते. मंगळवारी सकाळी एक अभिप्राय आला : ‘सहाही माणसं चांगली आहेत, पण सातव्याला तोड नाही.’

मी तो वेडेपणात टाकला. दुपारी आणखी एक आला, दुसऱ्याच कुणाचा : ‘सातवी खिडकी कशी उघडली कळलं नाही. सहावा संपल्यावर मी खोलीतच बसून राहिलो होतो.’

“मौनी,” मी विचारलं, “तू कुठे गुपचूप सातवा माणूस घातलास का?”

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. सहा माणसांचे सहा कप्पे. सातवा नव्हता.

“थट्टा करत असतील,” मी म्हणाले.

त्याने सहाही कप्पे पुन्हा एकेक करून उघडून पाहिले. मला ते खटकलं.

बुधवारपर्यंत असे अकरा जण झाले. एकमेकांना ओळखत असतील असं त्यांच्या लिहिण्यावरून वाटत नव्हतं, पण वर्णन सगळ्यांचं जुळत होतं. चौथा मजला. खिडकीशी टेबल, टेबलावर बुद्धिबळाचा पट. म्हातारा माणूस एकटाच खेळतो. पांढऱ्याची चाल झाली की उठतो, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसतो आणि काळ्याची चाल खेळतो. मग पुन्हा उठतो. ‘दर मिनिटाला जागा बदलतो, नेम धरायचा कसा?’ एकीने लिहिलं होतं, ‘पांढरा ऐनवेळी मुद्दाम चुकतो. दर डावाला काळाच जिंकतो. मी चार डाव पाहिले आणि बंदूक न उचलता बाहेर आले.’

हे वाचताना माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

माझे बाबा एकटेच बुद्धिबळ खेळतात आणि दर चालीला खुर्ची बदलतात. एकाच खुर्चीत बसून दोन्ही बाजू खेळणं ही लबाडी आहे, असं त्यांचं म्हणणं. पण जगात असे म्हातारे पुष्कळ असतील. मी स्वतःला तेच समजावलं. बारावा अभिप्राय येईपर्यंत समजूत पटलीही होती. त्यात लिहिलं होतं : ‘त्याच्या राखाडी स्वेटरला एकच बटण लाल आहे. खालून दुसरं. कुणी लावलं असेल ते?’

ते मी लावलं आहे. घरात राखाडी दोरा होता, बटण नव्हतं.

मी फोन लावला. “बाबा, काय करताय?”

“हरतोय,” बाबा म्हणाले. “तू जेवलीस का?”

“तुमच्या समोरचं ते बंद ऑफिस उघडलं का हो?”

“छे! दोन वर्षं पाटी लोंबकळतेय, भाड्याने देणे म्हणून. का गं?”

“काही नाही. सहज.” खिडकीचा पडदा लावून घ्या असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं, आणि मी काय सांगणार होते?

शुक्रवारी अकरा वाजता मौनीने नवी आवृत्ती सोडली. एक दार अडकत होतं ते आणि अक्षरांचा आकार, एवढंच त्यात दुरुस्त केलं होतं. विसाव्या मिनिटाला पहिला अभिप्राय आला : ‘झकास. सातवा आता खुर्ची बदलत नाही. एकाच जागी बसून राहतो.’

मी त्या अभिप्रायाकडे बघत राहिले. मग मागे मागे जात सोमवारचा ढीग काढला. त्यात ‘शंभरटक्के’ असं टोपणनाव घेतलेल्या एका खेळाडूचा अभिप्राय होता. पहिली ओळ, ‘एक बिघाड सापडला.’ मी तिथेच थांबले असणार. आता पुढचं वाचलं : ‘सातवा माणूस मरत नाही. तीनदा गोळी झाडली. दरवेळी तो उठून पलीकडच्या खुर्चीत गेलेला असतो.’

त्याखाली आमच्या कंपनीच्या नावाने, माझ्या हाताने चिकटवलेलं उत्तर होतं. पुढच्या आवृत्तीत तो दुरुस्त झालेला असेल.

मी ते उत्तर पुन्हा वाचत होते. तेवढ्यात फोन वाजला. बाबांच्या शेजारच्या काकू होत्या.

“घाबरू नकोस हं, पण लगेच निघ. वाटी परत द्यायला गेले तर तुझे बाबा नुसते बसलेत. डोळे उघडे आहेत, पण हाक मारली तरी उठत नाहीत. गाडी बोलावलीय मी.”

दवाखान्यात पोचले तेव्हा बाबांना आत नेलेलं होतं. दाराच्या काचेतून त्यांचे पाय आणि उशाशी ठेवलेल्या यंत्राचा हिरवा आकडा दिसत होता. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या होत्या.

“नाडी फार मंद आहे. मधेच एकदम खाली जाते, मग सावरते. कारण सापडत नाहीये. तुम्ही इथेच थांबा.”

मी बाकावर बसून फोन उघडला. बारा वाजून दहा मिनिटांचा अभिप्राय होता : ‘लागली. पण पडला नाही, नुसता वाकला.’ बारा सव्वीस : ‘माझीही लागली. अजून बसलाच आहे.’

“बारा दहाला काय झालं होतं?” मी बाहेर आलेल्या नर्सला विचारलं.

तिने हातातला कागद पाहिला. “नाडी खाली गेली होती. नंतर बारा सव्वीसला. तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी मौनीला फोन लावला. “गेम बंद कर. आत्ताच्या आत्ता काढून टाक.”

“काढतो. पण ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडे राहणारच, ताई.”

“मग त्यांना निरोप दाखवता येईल का? खेळता खेळता?”

“हो.”

“मौनी, मला वेड लागलंय असं समज हवं तर, पण...”

“सांगा,” तो म्हणाला. “लिहितो.”

मी सांगत गेले. त्याच्या बोटांचा आवाज तेवढा येत होता. ‘सातव्या खिडकीतला माणूस आमच्या यादीत नाही. ते माझे वडील आहेत. काळ्या बाजूने माझी आई खेळायची. ती जाऊन सहा वर्षं झाली, ते अजून तिला जिंकू देतात. ते मरत नव्हते, हा बिघाड नव्हता. मी न वाचता बिघाड म्हटलं, चूक माझी आहे. तुम्ही त्यांच्यासमोर बसला असाल तर कृपा करून बंदूक खाली ठेवा आणि त्या खोलीतून निघून जा.’

मी दोन्ही हातांत फोन धरून बसले. दहा मिनिटं काहीच आलं नाही. मग एक आला.

‘ठेवली.’

‘मीही ठेवली. सॉरी.’

‘निघालो. दार लावून घेतलं.’

‘नेम धरला होता. ठेवली. बाबांना सांगा, घोडा चांगला खेळतात.’

पन्नास झाले. शंभर झाले. मी प्रत्येक वाचला, शेवटच्या अक्षरापर्यंत. आतला हिरवा आकडा एकेकाने वर चढत होता, आणि मला दवाखान्यात मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं.

दोन वाजता शंभरटक्के आला.

‘माझे सहा झालेत. सातव्याशिवाय गेम शंभर टक्के पूर्ण होत नाही. तुम्हीच दुरुस्त करू म्हणाला होतात.’

मी लिहिलं, ‘हो, म्हणाले होते. मी चुकले.’

‘नेम धरला आहे.’

‘दादा, मी दाराबाहेर बसले आहे,’ मी लिहिलं. ‘माझं दुसरं कुणी नाही.’

त्यावर उत्तर आलं नाही.

अडीच झाले.

आकडा घसरू लागला. नर्स धावत आत गेली, मागोमाग डॉक्टर बाई. काचेवर पडदा ओढला गेला.

फोनवर काही नाही.

मी पडद्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही.

दार उघडलं. डॉक्टर बाईंनी कपाळ पुसलं.

“मला विचारू नका काय झालं ते,” त्या म्हणाल्या. “नाडी व्यवस्थित आहे. उठून बसलेत. चहात साखर कमी घालतात का इथे, असं विचारतायत.”

मी तिथेच जमिनीवर बसले. रडले, हसले, नर्सचा हात धरून पुन्हा रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मौनीला फोन करून नुसतं “वाचले” म्हणाले, तर पलीकडून त्याचा हुंदका ऐकू आला.

आत बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात गरम होता.

“केवढी रडलीस ही! काही झालेलं नाही मला.”

“माहीत आहे.”

“ते समोरचं ऑफिस भाड्याने गेलं वाटतं,” ते म्हणाले. “आज केवढी माणसं होती तिथे! दाटीवाटीने उभी, सगळी माझ्याकडे बघत. मला काही उठताच येईना.”

मी त्यांचा हात सोडला नाही. “मग?”

“मग एकेकजण निघून गेला. काहींनी हातही केला जाताना. एक मात्र तसाच राहिला. शेवटी आला की इकडे, इथेच, या खुर्चीत बसला. चांगला पन्नाशीचा गृहस्थ, पण घामाने निथळत होता. मी म्हटलं, पाणी घ्या. नको म्हणाला.”

“आणखी काय म्हणाला?”

“म्हणाला, तुमच्या मुलीला सांगा, ठेवली.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “काय ठेवली गं त्याने?”